तलाव कुणाचा, मासा कुठला?

मरळ मासा पाण्यात बुडून मरू शकतो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवा भरून घ्यायची एक पोकळी असते. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतल्याशिवाय त्याचं भागत नाही. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर तो गुदमरतो. पण याच सवयीमुळे मे महिन्यात, तलावाचा तळ उघडा पडून मधोमध चिखलाचं डबकं उरतं तेव्हा, बाकीचे मासे पोट वर करून तरंगत असतात आणि मरळ ओल्या चिखलात तग धरून पावसाची वाट पाहत असतो.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, वडसा या धानपट्ट्यातल्या कुठल्याही माणसाला मरळ माहीत असतो. लांबट अंग, सापासारखं डोकं, मोठं तोंड. तो पाठलाग करून शिकार करत नाही. गवताच्या कडेला, कमळाच्या पानाखाली दबा धरून बसतो आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की एका झडपेत गिळतो.

अमेरिकेत उथळ, गवताळ पाण्यातली हीच जागा दुसऱ्या एका माशाने धरली आहे : लार्जमाउथ बास. मरळचा आणि त्याचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही. पण राहणीमान बरंचसं सारखं आहे : उथळ पाणी, दबा, मोठं तोंड, आणि पिल्लांची राखण. नशीब मात्र दोघांचं अगदी उलटं निघालं. बास तिकडे लाडका झाला. त्याच्यासाठी स्पर्धा, मासिकं, होड्या आणि आमिषांचे कारखाने उभे राहिले. मरळला आपल्याकडच्या मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी ‘नको असलेला मासा’ म्हणून नोंदवलं आणि त्याला मारायची मात्राही दिली. या फरकाचं कारण माशांमध्ये सापडत नाही. ते शोधायला तलाव कुणाच्या हातात होते, हे पाहावं लागतं.

धरणांनी वाढवलेला मासा

आधी बासची गोष्ट, कारण ती नीट नोंदलेली आहे. १८८१ साली जेम्स हेन्शॉल नावाच्या डॉक्टरने ब्लॅक बास माशांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. तोवर गळाने मासे धरणाऱ्या प्रतिष्ठित लोकांची पसंती थंड, वाहत्या पाण्यातल्या ट्राउटला होती. बास म्हणजे तळ्या-डबक्यातला गावठी मासा. हेन्शॉलने त्याची वकिली केली. त्याच काळात अमेरिकन सरकारचं मत्स्य आयोग रेल्वेच्या खास डब्यांतून माशांची पिल्लं देशभर पोचवत होतं. मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावच्या जेम्स हेडनने लाकडाची आमिषं कोरून विकायला सुरुवात केली.

पण बास खऱ्या अर्थाने पसरला तो धरणांमुळे. १९३३ साली टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झालं आणि दक्षिणेकडच्या नद्यांवर एकामागून एक बांध पडले. बुडालेल्या जंगलांचे बुंधे, उथळ खाड्या, गवताळ काठ असा जलाशय दबा धरणाऱ्या माशाला हवाच होता. आधुनिक बास स्पर्धांची सुरुवात मानली जाणारी रे स्कॉटची १९६७ सालची स्पर्धा आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर झाली, आणि तो जलाशयही तेव्हा अगदी नवा होता. त्याच सुमाराला टेनेसीतल्या ओक रिजमध्ये फ्रेड यंग हा माणूस बाल्सा लाकडातून एक गुबगुबीत आमिष कोरत होता. आपल्या धिप्पाड भावाच्या, ओडिसच्या, नावावरून त्याने त्याला ‘बिग ओ’ म्हटलं. पुढे कॉटन कॉर्डेलने ते प्लास्टिकमध्ये काढलं आणि ते घरोघरी पोचलं.

हे उथळ बुडी मारणारं आमिष म्हणजे यंत्रशास्त्राचा सोपा धडा आहे. आमिष मुळात तरंगतं. त्याच्या तोंडाशी एक छोटी पट्टी असते. दोरी ओढली की पाण्याचा दाब पट्टीवर पडतो आणि आमिष खाली जातं. पट्टी लांब आणि आडवी असेल तर खोल, आखूड आणि उभी असेल तर दोन-चार फूट. ओढणं थांबवलं की ते पुन्हा वर येतं. बुंध्याला धडकलं तर पट्टी आधी आपटते आणि गळ अडकत नाही. म्हणजे बुडालेल्या झाडांच्या उथळ पाण्यासाठीच ही रचना आहे. धरणाने जे पाणी तयार केलं, त्याच्याच मापाने हे आमिष बेतलेलं आहे.

आणि ते वर्षभर सारखं चालत नाही. वसंतात पाणी सोळा-अठरा अंशांच्या आसपास आलं की नर बास काठाजवळ तळ साफ करून घरटं करतो, अंडी राखतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतो. उन्हाळ्यात बरेच मासे खोल पाण्यात जातात. शरद ऋतूत लहान माशांच्या थव्यांमागे पुन्हा उथळात येतात. हिवाळ्यात सुस्तावतात. उथळ आमिषाचे हंगाम म्हणून दोन : वसंत आणि शरद. बासचं घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तर अंडी राखणाऱ्या बासला धरता येऊ नये म्हणून जून सरत येईपर्यंत त्याच्या मासेमारीला बंदी असते. म्हणजे लोकांना हवा असलेला मासा असेल, तर कायदासुद्धा त्याचं पंचांग पाळतो.

पाळ, पाट आणि मालगुजार

मरळचं घड्याळ पावसावर चालतं. आणि पूर्व विदर्भात पाऊस म्हणजे तलाव.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलताना ‘मामा तलाव’. मालगुजारांच्या आधीपासूनचे तलावही यांत आहेत. चांद्याच्या गोंड राजांबद्दल असं सांगितलं जातं, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला, अशी परंपरा आहे. मारुती चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे तो मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला.

या तलावांची रचना पाहिली की ती कुणी एकाच बैठकीत आखलेली नाही, हे कळतं. दोन टेकड्यांमधल्या उतारावर मातीची पाळ. पाळीच्या पोटातून पाणी सोडायची वाट. जास्तीचं पाणी बाजूने काढून देणारा सांडवा. खाली धानाच्या बांध्या. बऱ्याच ठिकाणी वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो. वरच्या अंगाला जंगल, त्यामुळे गाळ कमी.

१८५३ साली नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, राज्य खालसा झालं, आणि पुढच्या दशकात इंग्रजांनी इथे मालगुजारी बंदोबस्त केला. चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा ल्यूसी-स्मिथचा अहवाल १८६९ सालचा आहे. या बंदोबस्ताने गावाचा सारा गोळा करणारा माणूस गावाचा मालक झाला. जमीन, झुडपी जंगल आणि तलाव, सगळं त्याच्या नावावर आलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सरकारनेही सिंचनाकडे लक्ष दिलं. घोडाझरी आणि आसोलामेंढा ही मोठी कामं त्यानंतरची.

मालगुजारीचं गुणगान करण्याचं कारण नाही. पाळीवर माती टाकणाऱ्यांत वेठबिगारीचे हात होते, आणि कुळांच्या कर्जाच्या वह्या मालगुजाराच्या घरात होत्या. पण एक गोष्ट खरी : तलाव आटला तर मालगुजाराचा स्वतःचा धान मरत होता. त्यामुळे पाळ दरवर्षी दुरुस्त व्हायची, गाळ निघायचा, पाणी कुणाला कधी सोडायचं याचा निर्णय गावातच व्हायचा. आणि तलावातला मासा ही मालगुजाराच्या दृष्टीने दुय्यम गोष्ट होती. ती ढीवरांची.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात ढीमरांचे व्यवसाय दिले आहेत : मासेमारी, पालखी वाहणं, पाणी भरणं, शिंगाड्याची लागवड. या सगळ्यात तलावाच्या पाण्याशी संबंध आहे, आणि जमिनीची मालकी कशातच नाही. ढीवरांचा तलावावरचा हक्क रिवाजाचा होता. मालगुजाराला मासळीचा वाटा द्यायचा, लग्नकार्यात राबायचं, आणि बाकीचं आपलं. तो हक्क अन्यायाचा होता, कमी होता, पण त्याच्यासोबत एक काम येत होतं : तलाव वर्षभर ओळखायचा.

तलावाचं वर्ष

हे ओळखणं म्हणजे काय, ते महिन्यांप्रमाणे मांडता येतं.

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस पडतो. नाल्यांना पाणी येतं, तलाव भरू लागतो. चिखलातले आणि उरल्यासुरल्या डबक्यांतले मासे हलतात. पाणी येतं त्या दिशेने, उलट्या प्रवाहाने, चढतात. सांडवा वाहू लागला की खालचे मासे वर यायला बघतात आणि वरचे खाली उतरतात. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्ये घोट्याएवढं पाणी असतं, आणि तिथे लहान मासे, बेडकांची पिल्लं, झिंगे यांची गर्दी होते. तलाव आणि शेत हे त्या दोन महिन्यांपुरते एकच पाणी असतात.

मरळ याच दिवसांत अंडी घालतो. गवतात एक मोकळी जागा करून तिथे, पाण्यावर तरंगणारी, पिवळसर अंडी. पिल्लं निघाली की नारिंगी-लाल रंगाचा एक गोळा पाण्यात फिरताना दिसतो. शेकडो पिल्लं एकत्र, आणि त्यांच्या खाली आईबाप. पिल्लांनाही हवा घ्यायला वर यावं लागतं, म्हणून तो गोळा सारखा पृष्ठभागावर येतो आणि दुरूनही ओळखू येतो. या वेळी त्याच्या जवळ काहीही टाकलं तरी मोठा मरळ त्यावर झडप घालतो. भुकेने नव्हे, राखणीसाठी. घरट्यावरच्या बासचीही वागणूक अगदी हीच असते.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओढ देतो आणि धान निसवत असतो. तलाव सोडायची वेळ. पाणी उतरतं, शेतातले मासे पाटांनी, नाल्यांनी परततात. इथे लहान जाळी, सापळे, हातांनी धरलेले मासे असा घरोघरचा हंगाम असतो. थंडीत पाणी निवळतं, पक्षी येतात, शिंगाडे निघतात. फेब्रुवारीनंतर उतरत्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या तळावर पीक घेतात. आणि मे महिन्यात, थोडं पाणी उरलं की, सगळ्यांची मिळून मासेमारी. त्या वेळीही सगळं उपसायचं नसतं. खोल डोहात काहीतरी शिल्लक राहिलं तरच जूनमध्ये वर चढायला मासे असतील.

हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमच्या धंद्यात ही परिस्थिती ओळखीची आहे. वीस वर्षं चालत आलेली एखादी प्रणाली असते, तिचा कागद कुठेही नसतो, ती दोन-चार माणसांच्या डोक्यात असते. मग कुणीतरी नवा मालक येतो आणि त्यातला एक भाग बदलतो, तोही चांगल्या हेतूने. त्या भागावर आणखी काय काय अवलंबून होतं, हे नंतर कळतं.

१९५१

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० सालचा. तो ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. हे व्हायलाच हवं होतं. मालगुजार गेल्यावर गावाच्या वहिवाटीचे हक्क निस्तार पत्रकांत उतरवले गेले : गुरं, जळण, पाणी.

पुढच्या पंधरा वर्षांत या तलावांचा प्रदेश १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासळीचा विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा. तळाची जमीन महसूल खात्याची. वरचं जंगल वनखात्याचं. एका पाण्याचे चार कागद झाले आणि प्रत्येक कागदावर तलाव वेगळा दिसू लागला. सिंचनवाल्यांना तो घनमीटरमध्ये दिसतो. मत्स्यवाल्यांना हेक्टरमध्ये आणि बोटुकलींच्या संख्येत. पाळीवरची झाडं कुणाची, गाळ कोण काढणार, पाणी कधी सोडायचं, या प्रश्नांचं उत्तर पूर्वी एका माणसाकडे होतं, तो कितीही वाईट असला तरी. आता ते कुणाकडेच नव्हतं.

ढीवरांना मात्र इथे पहिल्यांदा काहीतरी लेखी मिळालं : मच्छीमार सहकारी संस्था आणि तलावाचा ठेका. ही छोटी गोष्ट नाही. मालगुजाराच्या मेहेरबानीऐवजी कागद आला. पण ठेका म्हणजे पैसे भरायचे, आणि पैसे भरायचे म्हणजे विकता येईल असा मासा हवा.

मोहाची ढेप

तो मासा तयार होत होता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. तोवर रोहू-कटल्याचं बीज नदीच्या पुरातून गोळा करावं लागे. आता ते हवं तेव्हा, हवं तितकं मिळू लागलं. १० जुलै हा आज देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. १९५९ साली चंदेरा आणि गवत्या हे परदेशी कार्प भारतात आले. सत्तरच्या दशकात कटला, रोहू, मृगळ, चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस या सहा माशांच्या मिश्र मत्स्यशेतीची पद्धत देशभर शिकवली गेली. प्रथिनांची टंचाई असलेल्या देशासाठी हे फार मोठं काम होतं, यात शंका नाही.

या पद्धतीची पहिली पायरी तळं ‘स्वच्छ’ करण्याची आहे. बोटुकल्या सोडायच्या आधी त्यांना खाणारे आणि त्यांचं अन्न खाणारे सगळे मासे काढायचे. काढायच्या यादीत मरळ पहिल्या काही नावांत असतो. शिवडा, मागूर, आणि किरकोळ म्हणून सोडून दिलेले सगळे छोटे मासे त्याच्या मागोमाग. तळं आटवता येत नसेल तर औषध : मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेली ढेप, हेक्टरी सुमारे २,५०० किलो. ढेपेतलं सॅपोनिन माशाचं रक्त नासवतं. दोन-तीन आठवड्यांत विषाचा अंमल जातो आणि ढेपेचं खत होतं. शास्त्र म्हणून पद्धत चोख आहे.

पण गडचिरोलीत बसून हे वाचताना थबकायला होतं. मोह इथलं झाड. त्याची फुलं वेचून, बियांचं तेल काढून इथली घरं चालतात. मरळ इथला मासा. एका पुस्तकाने पहिल्याचा उपयोग दुसऱ्याला मारायला सांगितला, आणि त्या जागी मूळच्या गंगेच्या खोऱ्यातले आणि चीनमधले मासे सोडायला सांगितले. वनस्पतीचं विष घालून मासे धरणं आदिवासींना नवीन नव्हतं. १८७३ साली फ्रान्सिस डेने गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला, आणि पुढे १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात विष घालणं गुन्हा ठरवलं. शंभर वर्षांच्या आत तेच विष, मोजून मापून, प्रगतीची पहिली पायरी झालं होतं.

शंभर हेक्टरच्या तलावात अडीच लाख किलो ढेप कुणी ओतत नाही, हे उघड आहे. म्हणून मामा तलावांतून मरळ नाहीसा झाला नाही. पण कल्पना तलावात पोचली. ठेक्याच्या हिशोबात येणारा मासा तेवढा मासा, बाकी सगळं नुकसान. कार्प सगळ्यांत सोयीचा, कारण तो बीज म्हणून विकत घेता येतो, मोजता येतो, एका दिवसात ओढून विकता येतो. त्याला पंचांग लागत नाही. सांडवा कुठल्या दिवशी वाहिला, नारिंगी गोळा कुठल्या कोपऱ्यात दिसला, हे ठाऊक असलेल्या माणसाची त्याला गरज नसते. माशासोबत ढीवराचं ज्ञानही ‘नको असलेलं’ ठरलं.

बाकीच्या गोष्टी सोबतीला आल्या. वरचं जंगल विरळ झालं, गाळ वाढला. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम तलावांच्या काठांवर माजली; तिच्या नावातच लोकांचं मत आहे. तिने आणि जलपर्णीने जिथे काठ व्यापला, तिथून मरळला अंडी घालायला हवं असलेलं साधं पाणगवत गेलं.

शत्रू कोण, हे कोण ठरवतं

आता पुन्हा अमेरिका. २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात उत्तरी स्नेकहेड सापडला. हा मरळचा चीनकडचा चुलतभाऊ. वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस केलं : हवा पितो, जमिनीवर सरपटतो, सगळं खातो. त्या सप्टेंबरमध्ये तळ्यात रोटेनोन टाकून सगळे मासे मारले गेले. रोटेनोन हेही वनस्पतीच्या मुळांतून मिळणारं विष. स्नेकहेड जातींच्या आयातीवर बंदी आली. वाचवायचं काय होतं? तिथले स्थानिक मासे, आणि त्यांतही बास. तरीही हा मासा पुढे पोटोमॅक नदीत पसरलाच, आणि आता तिथले हौशी लोक त्याला बासच्याच आमिषांनी धरतात.

जपानमध्ये उलट. १९२५ साली अकाबोशी तेत्सुमा या उद्योगपतीने कॅलिफोर्नियातून बास आणून आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पोचला, बिवा सरोवरात स्थानिक माशांवर उठला. २००३ पासून बिवाच्या प्रांतात धरलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे, आणि २००५ च्या परकीय जातींविषयीच्या कायद्यात त्याचं नाव आहे.

अमेरिकेत बास लाडका, स्नेकहेड शत्रू. जपानमध्ये बास शत्रू. आपल्या पुस्तकांत आपलाच मरळ शत्रू. पण तिकडच्या आणि आपल्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. मेरीलँड आणि बिवामध्ये बाहेरून आलेल्या शिकाऱ्यापासून इथले मासे वाचवायचे होते. चंद्रपूर-गडचिरोलीत बाहेरून आणलेल्या माशांसाठी इथला शिकारी काढायचा होता.

आणि आता बाजारानेच निकाल फिरवला आहे. काटे कमी, मांस घट्ट, आणि जिवंत विकता येतो, म्हणून मरळला रोहू-कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो. सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागतं. त्या राज्याने २०१६ साली मरळला राज्यमासा केलं. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेट निवडला. समुद्रापासून दूर असलेल्या गडचिरोलीसाठी तो कॅलेंडरवरचा मासा आहे.

हक्काचा कागद

पुढे काय होऊ शकतं, याचे दोन पुरावे याच भागात आहेत.

एक गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढीवरांकडे असलेली तलावांची माहिती गोळा केली, आणि ढीवर स्त्री-पुरुषांच्या संस्थांनी तिच्या आधाराने तलाव हाती घेतले. बेशरम मुळापासून उपटली, तळाची नांगरट केली, स्थानिक पाणवनस्पती शोधून पुन्हा लावल्या. मग स्थानिक मासे परतू लागले. यातलं कुठलंच काम बाहेरून शिकवलेलं नव्हतं. कुठलं गवत कुठल्या माशाला लागतं, हे त्या लोकांना आधीच ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

दुसरा पुरावा कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि जलाशयांतली इतर उत्पादनं स्पष्टपणे लिहिलेली आहेत. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे देशात सामूहिक वनहक्क सर्वांत आधी, २००९ साली, मिळवणाऱ्या गावांपैकी एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. त्यांची बहुतेक चर्चा बांबू आणि तेंदूची झाली, कारण पैसा तिथे होता. पण वनहक्काच्या हद्दीतल्या तलावांचा, नाल्यांचा, डोहांचा आराखडा करायचा अधिकारही त्याच कागदात आहे. १९५१ नंतर चार खात्यांत वाटलं गेलेलं पाणी पहिल्यांदाच एका बैठकीत चर्चेला येऊ शकतं, आणि या वेळी त्या बैठकीत मालगुजार नसेल.

अशा आराखड्यात मरळसाठी फार लिहावं लागणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लांचा नारिंगी गोळा दिसेल त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही. सांडव्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावून चढणारे मासे अडवायचे नाहीत. काठाचं गवत ‘सफाई’ म्हणून काढायचं नाही. गाळ काढताना एक डोह खोल ठेवायचा, आणि मे महिन्यात तो उपसायचा नाही. ओंटारिओने बासचं घरटं राखायला ज्या प्रकारचा नियम केला आहे, त्याच प्रकारचे हे नियम. तिथे ते हौसेसाठी आहेत, इथे ते जेवणासाठी आणि पोटापाण्यासाठी असतील. आणि नियमांच्या तारखा ठरवताना ढीवरांच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बोलवावं लागेल, कारण तलावाचं वर्ष अजून त्यांच्याच डोक्यात आहे.